कशावरून तांबे आणि मिस लोलाची रेकॉर्ड

भाईंदरच्या गोडदेवात येऊन धर्माजी तांबे कुठं राहतात असं विचारलंत, तर चार जण चार दिशा दाखवतील. 'कशावरून तांबे' म्हणून बघा. कुणीही थेट जिन्याखाली आणून सोडेल, वर हसेल ते वेगळंच. दूधवाला म्हणाला, काका, आजचंच दूध आहे, की धर्माजी म्हणणार, कशावरून? डॉक्टर म्हणाला, साधा खोकला आहे, की कशावरून? धाकट्या मुलाच्या, साहिलच्या सोयरिकीला गेले, मुलीकडचे म्हणाले मुलगी बी.कॉम. आहे, आणि या गृहस्थानं भरल्या बैठकीत तोंड उघडलंच. मंदाताईंनी तेव्हा नवऱ्याच्या मांडीला काढलेला चिमटा आठ दिवस निळा होता. सोयरीक झाली, पण सून अजून सणासुदीला सर्टिफिकेटची झेरॉक्स पुढे करून सासऱ्याला चिडवते.

हसू नका. माणूस उगाच असा होत नाही. धर्माजी मूळचे मंडणगडाकडचे, मुंबईत एका मोठ्या हॉटेलात तेहेतीस वर्षं वायरमन होते. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी जोडीदार आत्माराम खालून ओरडला, "मेन बंद केलाय रे, घाल हात!" धर्माजींनी हात घातला. मेन बंद नव्हता. डाव्या हाताची दोन बोटं आजही पूर्ण मिटत नाहीत. आत्माराम काही वाईट माणूस नव्हता, त्यानं घाईत भलताच खटका पाडला होता. पण त्या दिवसापासून धर्माजींच्या खिशात टेस्टर आला आणि तोंडात 'कशावरून'. रिटायर होऊन आठ वर्षं झाली, टेस्टर अजून खिशातच आहे.

आता अशा माणसाला नाद कसला लागावा? तर नव्वद-शंभर वर्षांपूर्वी जॅझ गाणाऱ्या बायकांच्या रेकॉर्डचा! इंग्रजी किती येतं म्हणाल, तर स्विचबोर्डावर लिहिलेलं असतं तेवढं. झालं असं, की हॉटेलातली तळघराची खोली एकदा रिकामी करायला काढली. तिथं गोणपाटाखाली काळ्या लाखेच्या रेकॉर्डी निघाल्या आणि एक चावीचा ग्रामोफोन. सगळं भंगारात चाललं होतं. धर्माजींनी चावी भरून बघितली, स्प्रिंग धडधाकट होती. पिन टेकवली आणि सगळी पितळी वाद्यं एकदम अंगावर आली. त्यांच्या गदारोळातून, कुणाला न जुमानता, एका बाईचा आवाज वर निघाला.

धर्माजींना एकदम कांताआत्या आठवली. गावाला जयंतीच्या मिरवणुकीत ती पुढे असायची. लाउडस्पीकर नव्हता, ढोल-ताशे पाठीशी वाजत असायचे आणि आत्याचं गाणं नदीपलीकडच्या वाडीत ऐकू जायचं. रेकॉर्डीतला शब्द एक कळला नाही, पण असं गाणारी बाई धर्माजींच्या ओळखीची होती. त्यांनी रीतसर गेटपास करून ते सगळं घरी आणलं. गेटपास अर्थातच साहेबाकडून दोनदा तपासून घेतला.

तेव्हापासून जमवतायत. फक्त बायका, फक्त त्या काळातल्या. लोखंडी कपाटात तीनशेच्या वर रेकॉर्डी आहेत, आणि प्रत्येकीला मंदाताईंच्या जुन्या परकरांची शिवलेली पिशवी. मंदाताई आल्यागेल्याला सांगतात, "माझ्या साड्या पलंगाखाली ट्रंकेत. कपाट या मडमांना!"

आणि या धंद्यात संशय लागतोच हो. नावाजलेल्या गायिकेचं लेबल भिजवून काढतात आणि कुठल्यातरी पडेल रेकॉर्डीवर चिकटवतात. चीर गेली असेल तर बूटपॉलिश भरून बुजवतात. धर्माजी दोनदा फसले, तिसऱ्यांदा नाही. ते आधी कडेवरून नख फिरवतात, मग वास घेतात, मग लेबलाभोवतीच्या कोऱ्या जागेत कोरलेला बारीक नंबर भिंगातून वाचतात. लेबल खोटं बोलेल, तो नंबर बोलत नाही. आणि विकणाऱ्यापुढे चेहरा कसा, तर शोकसभेला आल्यासारखा. रेकॉर्ड कितीही भारी असो, तोंड वाकडं करायचं. विकणारा घराण्याची गोष्ट सांगायला लागला, आमचे आजोबा अमुक, आमची पणजी तमुक, तर ती तिथंच मोडून काढायची. मग उठून निघायचं, आणि तीन आठवडे फिरकायचं नाही. तीन आठवड्यांत समोरचा नरम पडतो. हे त्यांचं ठरलेलं.

पण एक रेकॉर्ड बावीस वर्षं हुलकावणी देत होती. रद्दीत सापडलेल्या एका जुन्या कंपनीच्या यादीत एकच ओळ होती: मिस लोला, हॉटेलच्या बँडसह. पुढे नंबर. चोरबाजारापासून पुण्यापर्यंत सगळ्यांना विचारून झालं. कुणी पाहिली नव्हती, कुणी ऐकली नव्हती. धर्माजींना कधीकधी शंका यायची, ही बाई होती तरी का? कशावरून?

मागच्या जानेवारीत गोडदेवच्याच लवू भंगारवाल्याचा फोन आला. "काका, उत्तनला एका म्हातारीकडं काळी रेकॉर्ड आहे. मिस लोला का कोण. विकायची नाही म्हणते, पण तुम्ही बघून या."

धर्माजींनी कपाटातून ती जुनी यादी बाहेर काढली. पण तोंडातून काय निघालं, सांगायला नकोच.

"कशावरून म्हणजे? मी वाचलं ना, काका!"

"मग तू का नाही आणलीस? मला का सांगतोयस? तुझा काय फायदा?"

"चुकलो," लवू म्हणाला, "परत नाही सांगणार," आणि त्यानं फोन ठेवला.

धर्माजींनी दोन दिवस लवूच्या दुकानावर पाळत ठेवली. काही हाती लागलं नाही. तिसऱ्या दिवशी भाईंदर पश्चिमेहून बस पकडून ते उत्तनला उतरले.

रेजीनबाय ऐंशीला आलेल्या. घर बंदराच्या अंगाला, पुढे बांबूंच्या वलांड्या आणि त्यांवर जोडीजोडीनं लटकवलेले बोंबील. त्या हातात काठी घेऊन कावळ्यांना शिव्या घालत होत्या. म्हातारीचं अंग मूठभर, पण हाळी अशी की होडीवरची माणसं वळून बघत होती.

"तू पन भंगारवाला?" त्यांनी धर्माजींना खालवर न्याहाळलं.

"नाही बाय, मी नुसता बघायला आलोय."

"नुसता बगायला कोन येते? बस."

रेकॉर्ड त्यांनी आतून आणली, देव्हाऱ्यातल्या, म्हणजे आल्तारावरच्या जुन्या पांढऱ्या कापडात गुंडाळलेली. हातात काही दिली नाही. आपल्याच मांडीवर धरून दाखवली. धर्माजी वाकले, भिंग लावलं. लेबल अस्सल. नंबर, यादीतलाच! खाचांची कडी सगळी जागच्या जागी, कुठं ओरखडा नाही. जगात दुसरी असली तर असली, नाहीतर हीच. त्यांनी भिंग खिशात टाकलं आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"माजी आय हाय ती," रेजीनबाय म्हणाल्या. "पोर असताना मुंबयला पारशाकडं कामाला होती. तिकडं गाना शिकली. मग हाटेलात गायची. बाबाशी लगीन झाला नि गाना बंद. मी चार वर्सांची असताना गेली. मना तिचा आवाज आठवत न्हाय." त्यांनी लेबलावरून अंगठा फिरवला. "घरात मशीन कदी नवती. तुज्याकडं हाय ना? एकदा वाजवून दाव मना. मग बोलू विकायचा."

आता बघा. म्हातारीनं मागितलं काय होतं? पैसा नाही, अडका नाही. एकदा ऐकव, एवढंच. मशीन घरी कपाटावर होती, पिनांचा डबा भरलेला होता. पण धर्माजींच्या डोक्यात भलतंच चक्र सुरू झालं. हिनं एकदा ऐकली की ही जन्मात विकायची नाही. आणि आई-बिई सगळं कशावरून? प्रत्येक विकणाऱ्याची आजी गायिकाच असते!

त्यांनी शोकसभेचा चेहरा केला.

"बाय, खरं सांगू? यात काही राम नाही. घासून गेलीय, खरखर सोडून काही ऐकू यायचं नाही. असल्या पन्नास पडल्यात माझ्याकडे."

रेजीनबायनी रेकॉर्ड उन्हात तिरपी करून बघितली.

"आणि तुमच्या आईचं म्हणाल, तर कंपनीवाले एकच नाव ठेवायचे आणि दहा बायकांची गाणी काढायचे. लोला म्हणजे कुणीही असेल. ही तुमची आईच, कशावरून?"

हे ते बोलले. साफ खोटं बोलले. कंपनीची तसली कुठलीच गोष्ट त्यांना माहीत नव्हती, तिथल्या तिथं रचली होती. म्हातारीनं लेबलाकडे बघितलं.

"दुसऱ्या कुनी सांगितला न्हाय," ती हळूच म्हणाली. "बाबा बोललेला, तिची हाय. बाबाला तरी काय कळते? त्याला वाचता येत नवता."

"तेच म्हणतो मी."

"तू जानता मानूस," रेजीनबाय म्हणाल्या, "तुना ठाव असेल." आणि त्यांनी रेकॉर्ड कापडात गुंडाळली. या खेपेला जरा ढिलीच गुंडाळली, पण धर्माजींचं लक्ष नव्हतं. ते मनात तीन आठवडे मोजत होते.

ते तीन आठवडे कसे काढले ते मंदाताईंनाच विचारा. जेवताना घास हातात राहायचा. लवूनं दुसरं गिऱ्हाईक पाठवलं असेल. म्हातारीला नातू असेल, तो ऑनलाइन फोटो टाकेल. समोरच्या इमारतीतले काशीनाथ एकदा म्हणाले, उत्तनला मासे आणायला गेलो होतो, तर धर्माजींनी त्यांना पाऊण तास उभं करून कुठले मासे, कुणाकडून, पिशवी केवढी, सगळं विचारलं. बिचारे काशीनाथ तेव्हापासून मागच्या गेटानं जातायत.

बाविसाव्या दिवशी धर्माजी उत्तनच्या बसमध्ये बसले. या खेपेला पैसे भरपूर घेतले होते. ग्रामोफोन नेला नाही.

वलांड्या बोंबलांनी भरल्या होत्या. कावळे हटावेत म्हणून कुणी चकाकते कागद बांधले होते, कुणी जुन्या सीड्या. रेजीनबायच्या वलांडीच्या टोकाला जाळ्याच्या दोरीनं एक मोठी काळी चकती लटकत होती. वाऱ्यानं फिरायची, बांबूवर आपटायची, पुन्हा फिरायची.

धर्माजी जवळ गेले. पहिला विचार काय आला असेल? म्हातारी बेरकी आहे! खरी लपवली आणि मला दाखवायला खोटी टांगली. त्यांनी चकती धरली. उन्हानं कड पापडासारखी वाकली होती. एका बाजूचा तुकडाच उडाला होता आणि तिथून एक चीर अर्ध्यापर्यंत आत गेली होती. खाऱ्या वाऱ्यानं लेबल सुटून गेलं होतं. त्यांनी भिंग काढलं, थुंकी लावून मीठ पुसलं, आणि कोऱ्या जागेतला नंबर वाचला. पुन्हा वाचला. तिसऱ्यांदा वाचायला डोळ्यांना नीट दिसेना.

"कावल्यांना भेव दावायला बरी हाय," मागून रेजीनबाय म्हणाल्या. "सीडीपरीस जड हाय ना, उडत न्हाय."

"बाय, हे काय केलंत!" धर्माजी जवळजवळ ओरडलेच. "तुमच्या आईची रेकॉर्ड ना ती!"

"तूच बोल्लास ना? माजी आय न्हाय. घासलेली हाय." म्हातारीच्या तोंडावर राग नव्हता, ती खरंच गोंधळली होती. "सगला जलम ती आल्ताराखाली ठेवली मी. सनाला हात लावून पाया पडायची. कोन्या परक्या बाईच्या! मना लाज वाटली रे."

धर्माजी परतले. पैशांचं पाकीट खिशात तसंच होतं.

घरी येऊन त्यांनी मंदाताईंना सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा, काही न लपवता. मंदाताई डाळ निवडत होत्या. हात थांबला.

"चाळीस वर्षं जगाला कशावरून, कशावरून करत आलात," त्या म्हणाल्या. "तुमचं बोलणं डोळे मिटून खरं मानणारं कुणीतरी भेटलं बघा एकदाचं. आणि त्या बिचारीला तुम्ही हे दिलंत."

मंदाताईंनी डाळ बाजूला सारली, कपाटावरचा ग्रामोफोन उतरवला, फडक्यानं पुसला आणि पिनांच्या डब्यासकट त्यांच्यापुढे ठेवला.

"उद्या सकाळी जा. आणि विकत घ्यायला जाऊ नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते धूड मांडीवर घेऊन धर्माजी बसमध्ये बसले. कंडक्टर म्हणाला, काका, पेटी में क्या है, तर या माणसानं सरळ खरं सांगितलं. रेजीनबायच्या ओट्यावर मशीन मांडली, झाकण उघडलं. चकतीची दोरी सोडली, मऊ फडक्यानं मीठ काढलं. कडेचा भाग तर गेलाच होता. लेबलाजवळचं बोटभर रुंदीचं कडं तेवढं सपाट राहिलं होतं, म्हणजे गाण्याचा अगदी शेवट. नवी पिन लावली, चावी भरली, आणि चिरेच्या आतल्या अंगाला पिन अलगद टेकवली.

खरखर. खरखर. बँडचा एक तुटका तुकडा. मग ती आली. बाजे सगळे पाठी पडले आणि एकच सूर वर निघाला, थोडा घोगरा, शेवटाला वळवून सोडलेला. जेमतेम दहा-बारा सेकंद. मग पिन कोऱ्या जागेत जाऊन करकरायला लागली.

धर्माजींनी पिन उचलली. त्यांच्या कपाटात तीनशे बायका होत्या. असा आवाज त्यांत एक नव्हता. आणि सगळं गाणं, ते सबंध अडीच-तीन मिनिटांचं गाणं, तीन आठवड्यांपूर्वी इथं याच ओट्यावर अस्सल पडलं होतं.

"बाय, मी खोटं बोललो," ते म्हणाले. "स्वस्तात मिळावी म्हणून बोललो. ती घासलेली नव्हती. कंपनीचं ते मी मनचं सांगितलं. ही तुमचीच आई आहे."

रेजीनबायनी मान वर केली. कालपर्यंत सरळ बघणारे डोळे आता बारीक झाले होते. धर्माजींनी ही नजर ओळखली. विकणाऱ्यांकडे ते स्वतः अशीच नजर लावून बसायचे.

"तवा बोल्लास माजी आय न्हाय. आता बोलतेस हाय." म्हातारी शांतपणे म्हणाली. "मना बरा वाटावा म्हनून बोलतेस. ही माजी आय, कशावरून?"

धर्माजींचा हात सवयीनं खिशातल्या टेस्टरकडे गेला. लेबल उडालं होतं. बाबा गेला होता. नंबरावर माणसाचं नाव नसतं. या एका गोष्टीला लावायला त्यांच्याकडे भिंग नव्हतं, टेस्टर नव्हता, काही काही नव्हतं. दिलेला शब्द तेवढा होता, आणि त्याची किंमत त्यांनीच करून ठेवली होती.

तेवढ्यात चकती नसलेल्या वलांडीवर चार कावळे उतरले. रेजीनबाय बसल्या जागेवरून ओरडल्या, "हाऽऽऽ! जा मेल्यांनो!" वारा समुद्राकडून होता, तरी ती हाळी पार धक्क्यापर्यंत गेली. थोडी घोगरी, शेवटाला वळवून सोडलेली.

धर्माजी ताडकन उठले. "यावरून!" ते म्हणाले. "बाय, शप्पथ सांगतो, यावरून!"

"कशावरून?"

"तुम्ही आत्ता ओरडलात ना, त्यावरून. तोच आवाज आहे. तोच!"

कुणाला आपला स्वतःचा आवाज ठाऊक असतो? या माणसाचं मानावं की मानू नये, हे म्हातारीला ठरवता येत नव्हतं, आणि ते तिच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. काठी तिनं भिंतीला लावून ठेवली.

"परत लाव," ती म्हणाली.

धर्माजींनी पिन बदलली. इतक्या तुटक्या रेकॉर्डीवर दर खेपेला थोडा आवाज खरवडून जातो, हे त्यांना पक्कं माहीत होतं. कपाटातल्या एकीलाही त्यांनी सलग दोनदा कधी वाजवलं नव्हतं. तरी त्यांनी चावी भरली.

"आन् तू तिकडं तोंड कर," रेजीनबाय म्हणाल्या. "माज्या तोंडाकडं बगू नको."

धर्माजी समुद्राकडे तोंड करून बसले. मागे खरखर सुरू झाली, मग तो सूर वर निघाला आणि संपला. थोड्या वेळानं म्हातारीनं, अगदी हळू, तसाच एक सूर लावून बघितला.

"परत लाव," ती म्हणाली.